आमच्या यादीतल्या तीन तिलोत्तमा

रक्तपेढीत नोकरी केली म्हटलं की लोक विचारतात, रक्त बघून तुम्हाला काही होत नाही का? रक्ताचं काही होत नाही. ते पिशवीत असतं आणि पिशवी शीतकपाटात असते. भीती वाटते ती पिशवीवरच्या चिठ्ठीची. चिठ्ठीवरचं एक अक्षर चुकलं तर काय होऊ शकतं हे ठाऊक असलेला माणूस घरी जाऊनसुद्धा नीट जेवत नाही. बायको म्हणायची, "तुमचं शरीर घरी येतं, डोकं तिथंच राहतं." खरं होतं ते.

माणसं मात्र तऱ्हेतऱ्हेची भेटली. एका गृहस्थांना आईसाठी शाकाहारी माणसाचंच रक्त हवं होतं. मी म्हटलं, काका, पिशवीला विचारून बघतो. एक सासूबाई तर मुलानं बायकोसाठी दिलेली पिशवी परत मागायला आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, मुलगी माहेरच्यांची आहे, तर रक्तही त्यांनीच द्यावं. अशांना समजावण्यात दिवस जायचा आणि बरंही वाटायचं. पण आज मला माझ्याच चुकीबद्दल लिहायचं आहे. ती चूक कुणी पकडली नसती, तर मी आजही तिचा अभिमान बाळगून बसलो असतो.

मी निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल, आई घरी विड्या वळायची. आमच्या घरात पदवी घेणारा पहिला मी. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी कॉलेजचा फॉर्म स्वतः आणून भरला नसता, तर मीही वखारीतच गेलो असतो. पुढे प्रयोगशाळेचा डिप्लोमा करून बेंगळुरूला आलो आणि दक्षिण बेंगळुरूतल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत लागलो. कन्नड आणि मराठी दोन्ही येत असल्यामुळे सीमाभागातले रुग्ण आले की मलाच बोलावणं यायचं. शिकलेला माणूस म्हणून लोक मान द्यायचे. त्या मानाला आपण पात्र आहोत हे रोज सिद्ध करावं लागतं, असं मला निवृत्त होईपर्यंत वाटत राहिलं.

काही वर्षांपूर्वी रुग्णालयानं नवी संगणकप्रणाली घेतली. रक्तदात्यांच्या जुन्या नोंदवह्या तिच्यात भरायच्या होत्या. हे काम मी मागून घेतलं. वह्यांमध्ये एकाच दात्याच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी असत. या शहरात लोक दर दोन वर्षांनी घर बदलतात, फोन नंबर बदलतात, आणि दर वेळी त्यांची नवी नोंद होते. अशा नोंदी ओळखून एकत्र करायच्या, शेवटचा पत्ता आणि नंबर ठेवायचा, जुने पुसायचे. यासाठी मी माझा एक नियम ठरवला. मंजुनाथ, लक्ष्मी, सुनीता अशी नावं असली तर फोन करून खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही. नाव विरळ असेल तर मात्र विचारायची गरज नाही. त्या नावाची, त्याच आडनावाची, त्याच रक्तगटाची, साधारण त्याच वयाची दोन माणसं एका शहरात कशाला असतील?

तिलोत्तमाच्या नोंदी मी अशाच एकत्र केल्या. हे त्यांचं खरं नाव नव्हे. दात्याचं नाव आम्ही छापू शकत नाही, म्हणून तितकंच विरळ दुसरं नाव घेतो आहे. नोंदी तीन होत्या. एकीवर जे. पी. नगरचा पत्ता, एकीवर बोम्मसंद्र्याचा, एकीवर बेळ्ळंदूरचा. वडिलांच्या नावाचा रकाना कुठे रिकामा, कुठे नुसतं एक अक्षर. जन्मतारीख जुन्या वहीत लिहीतच नसत, फक्त वय. वयात एका वर्षाचा फरक, आणि तिन्ही ठिकाणी रक्तगट बॉम्बे.

या गटाबद्दल थोडं सांगतो. ए आणि बी हे जसे रक्तपेशींवरचे शिक्के, तसा त्यांच्या खाली पायाचा एक शिक्का असतो. तो ओ गटाच्या माणसातही असतो. अगदी थोड्या माणसांत मात्र तोही नसतो. साध्या तपासणीत ती माणसं ओ गटाची दिसतात, पण ओ गटाचं रक्त दिलं तर त्यांचं शरीर ते परकं समजून फोडून टाकतं. त्यांना फक्त त्यांच्यासारख्याच माणसाचं रक्त चालतं. हाच बॉम्बे गट. असा दाता सापडला की आम्ही त्याचं नाव जपून ठेवतो.

विरळ नाव, विरळ गट. मी तिन्ही नोंदी जोडल्या आणि बेळ्ळंदूरचा पत्ता ठेवला. आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही यादी अगदी आरशासारखी केलीत." मी ते वाक्य घरी जाऊन दोनदा सांगितलं.

गेल्या वर्षी, निवृत्तीला चार महिने उरले असताना, एका सकाळी प्रसूती विभागातून रक्ताचा नमुना आला. सुजाता नावाची सव्वीस वर्षांची बाई, माहेर-सासर दोन्ही अथणीकडचं. नवरा शिवानंद इथं लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. तिचे दिवस भरत आले होते आणि वार बाळाच्या वाटेत आली होती. अशा वेळी पोट उघडूनच बाळ काढावं लागतं आणि त्यात रक्त फार जातं. सकाळी तिला थोडं रक्त जाऊन थांबलं होतं. प्रसूतीच्या डॉक्टर म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबते. त्यापुढे थांबता येणार नाही. पण दोन पिशव्या तयार असल्याशिवाय मला हात लावायला सांगू नका."

तिच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं. मी ओ गटाची पिशवी काढून तिच्या रक्ताशी जुळणी केली. जुळली नाही. दुसरी काढली, तिसरी काढली. पाचवीही जुळली नाही. पुढची तपासणी केली आणि बॉम्बे गट निघाला.

शिवानंद खिडकीशीच उभा होता. "अण्णा, माझं घ्या की. माझं ओ हाय. ओ सगळ्यास्नी चालतंय म्हणत्यात."

"तिला नाही चालत, शिवानंद."

"असं कसं? बायको हाय माझी."

मी त्याला समजावलं. त्याला कळलं की नाही माहीत नाही, पण तो पुन्हा विचारेना. नुसता खिडकीची कड धरून उभा राहिला.

आम्ही शहरातल्या सगळ्या रक्तपेढ्यांना फोन केले. कुठेच साठा नव्हता. आमच्या यादीत या गटाचे तीन दाते. एकानं महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं, एक मंगळूरकडे गेलेला, तिकडून यायला त्याला रात्र झाली असती. तिसरं नाव तिलोत्तमाचं. मी बेळ्ळंदूरचा नंबर फिरवला.

"मॅडम, रक्तपेढीतून बोलतोय. तुमच्या गटाच्या रक्ताची फार तातडीची गरज आहे."

पलीकडून क्षीण आवाज आला. "अहो, मी डेंग्यूनं आडवी पडलेय. प्लेटलेट मोजून मोजून हात सुजलाय माझा. मलाच कुणीतरी द्या म्हणायची पाळी आहे."

तरी रीत म्हणून म्हणालो, "विश्रांती घ्या मॅडम. तुम्ही आजवर सहा वेळा दिलंत, आम्ही आभारी—"

"किती वेळा?"

"सहा."

"मी दोनदाच दिलंय." मग त्यांच्या लक्षात आलं. "बाकीचं बेबीनं आणि छोटीनं दिलेलं असेल."

"त्या कोण?"

"माझ्या चुलत बहिणी. त्याही तिलोत्तमाच. आम्हा तिघींना आजीचं नाव आहे. तुम्ही कुठले हो?"

"निपाणीचा."

"निपाणीचे? मग तुम्हाला मी काय सांगायचं!"

खरंच काही सांगायला नको होतं. आमच्याकडे आजी गेली की प्रत्येक मुलगा आपल्या पुढच्या मुलीला तिचं नाव ठेवतो. घरात त्या नावानं हाक कुणी मारत नाही. सुनेनं सासूचं नाव कसं घ्यायचं, आणि पोरीला रागवायचं तर सासूचं नाव घेऊन कसं रागवायचं? म्हणून एक अक्का होते, एक बेबी, एक छोटी. कागदावर मात्र सगळ्या एकाच नावाच्या. माझी सख्खी बहीण आणि दोन चुलत बहिणी, तिघींच्या शाळेच्या दाखल्यावर सरस्वती आहे. शाळेत त्यांच्या गुणपत्रिका अदलाबदल झाल्या तेव्हा मीच हेडमास्तरांकडे भांडायला गेलो होतो. आणि गट? आमच्याकडे मामाच्या, आत्याच्या घरात लग्नं होतात, त्यामुळे असा विरळ गट एखाद्या घराण्यात पुन्हा पुन्हा वर येतो. नाव, आडनाव, गट सारखे असणं हा त्या एका घरच्या असल्याचा पुरावा होता. मी तो एकच बाई असल्याचा पुरावा मानला. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी माफ केलं असतं. मला ती करायचा हक्क नव्हता.

वाईट म्हणजे फोनवरच्या या अक्कांना मी टीव्हीवर पाहिलं होतं. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर सांडपाण्याचा फेस आला की पाण्याच्या बाटल्या टेबलावर मांडून अधिकाऱ्यांना घाम फोडणाऱ्या बाई त्या याच. "या आमच्या दात्या," असं मी बायकोला अभिमानानं सांगितलंही होतं. आमच्या काउंटरवर येऊन गेलेल्या बाईंसारख्या त्या दिसत नाहीत, हे डोळ्यांना दिसूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

अक्कांनी दोघींचे नंबर दिले. "छोटीचा बोम्मसंद्र्यात कारखाना आहे, ती येईल. बेबीचं सांगता येत नाही. तुमच्या रक्तपेढीचा नंबर तिनं ब्लॉक करून टाकलाय."

"का?"

"तिलाच विचारा."

छोटीताईंनी फोन उचलला तेव्हा मागे यंत्रांचा आवाज चालू होता. पंपांचे सुटे भाग बनवणारा त्यांचा कारखाना. त्या गल्लीत यंत्रावर स्वतः उभी राहणारी पहिली मालकीण त्याच, हे मला नंतर कळलं.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"इथं पोचल्यावर एक तास, मॅडम."

"मेट्रोनं येते. होसूर रोडनं निघाले तर तुमची बाई बाळंत होऊन घरी जाईल."

एका पिशवीची सोय झाली. दुसरीसाठी मी बेबीताईंना आधी रक्तपेढीच्या फोनवरून, मग माझ्या फोनवरून लावून पाहिलं. उचलला नाही. दुपारचा एक वाजत आला होता. रक्त घेतल्यावरही रोगांच्या तपासण्या असतात. त्या घाईत उरकता येत नाहीत, यंत्राला लागतो तेवढा वेळ लागतोच. मी डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं. नोंदी मी जोडल्या हेही सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी जाऊन या. मग बोलू."

बेबीताई जे. पी. नगरमधल्या एका शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवतात, असं अक्कांनी सांगितलं होतं. ऑटोत बसलो आणि मग मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी एक उंच, उन्हानं रापलेल्या बाई काउंटरवर आल्या होत्या. वडिलांच्या स्मृतिदिनी दर वर्षी रक्त देते म्हणाल्या. संगणकात दिसत होतं की त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच दिलंय. बायकांना दोन वेळांमध्ये चार महिने जाऊ द्यावे लागतात. मी नाही म्हटलं. "मी दिलेलंच नाही," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी हसून काहीतरी बोललो होतो. ते रक्त त्यांच्या बहिणीचं होतं, हे त्या ऑटोत मला पहिल्यांदा कळलं.

मैदानावर मुली दोन खांबांच्या मधे ओळीत बसल्या होत्या. बेबीताईंच्या हातात शिट्टी होती. त्यांनी मला लांबूनच ओळखलं.

"या, कॉम्प्युटरवाले अण्णा. आज इकडे कुठे?"

"मॅडम, माझी फार मोठी चूक झाली."

"चूक? त्या दिवशी काय म्हणालात आठवतं? 'मॅडम, या वयात विसरायला होतं.' माझ्या पोरी होत्या सोबत. रक्त कसं देतात, घाबरायचं नसतं, हे दाखवायला घेऊन आले होते मी त्यांना. बाहेर पडल्यावर एकीनं विचारलं, मॅडम, तुम्ही खोटं का बोललात?"

मग मी तीन नोंदींची गोष्ट सांगितली. "तुम्हा तिघींना मी एक केलं," म्हणालो.

"आणि मला पुसलं."

"हो."

"आणि आता कोण मरतंय म्हणून आठवण झाली?"

"सव्वीस वर्षांची बाई आहे, मॅडम. पहिलं बाळंतपण. संध्याकाळपर्यंतच वेळ आहे."

त्यांनी शिट्टी वाजवली. मुली पळत आल्या, घामेजलेल्या, धापा टाकत. "हे रक्तपेढीचे सर आहेत," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय. सांगा सर."

मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही. हातावरच्या घड्याळाकडे नजर जात होती आणि ती बरी दिसत नाही म्हणून मी हात पाठीमागे धरले. मोडक्यातोडक्या शब्दांत सगळं सांगितलं. एका बारीकशा मुलीनं विचारलं, "म्हणजे त्या दिवशी मॅडम खरं बोलत होत्या?"

"हो. मी खोटा होतो."

"सरी, ठीक आहे," बेबीताई म्हणाल्या. "आज सुट्टी. पळा." आणि माझ्याकडे वळून, "ऑटो थांबवून ठेवलाय ना?"

"ठेवलाय."

"एवढे तरी शहाणे आहात."

वाटेत सिग्नलला ऑटो थांबला की माझा जीव थांबत होता. रक्तपेढीत पोचलो तेव्हा छोटीताईंची पिशवी भरून झाली होती. आता बेबीताईंचं हिमोग्लोबिन. बोटाला सुई टोचायचं काम मी दुसऱ्या तंत्रज्ञ बाईंना दिलं. आकडा हव्या त्या मर्यादेच्या अगदी किंचित वर आला. रक्त घेऊन झालं तेव्हा साडेतीन होऊन गेले होते.

तपासण्या यंत्रात लावल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही. मी संगणकापुढे बसून मी जोडलेल्या नोंदींची यादी उघडली. अशा विरळ नावांच्या कितीतरी जोड्या मी जुळवल्या होत्या. आता त्यातलं प्रत्येक नाव मला दोन-दोन चेहऱ्यांचं दिसायला लागलं. पुढचे चार महिने मी कागदी वह्या काढून एकेक जुना नंबर फिरवत होतो. काही माणसं सापडली. काही नंबर आता दुसऱ्याच कुणाचे झाले आहेत. यादी पूर्ण न करताच मी निवृत्त झालो. उरलेलं काम सहकाऱ्यांकडे दिलं आहे आणि त्यांना अजूनही फोन करून विचारत असतो. ते कंटाळत असतील. डॉक्टर मॅडमनी मला लेखी समज दिली. ती योग्यच होती.

त्या दिवशी पाच वाजता तपासण्या निर्दोष आल्या, जुळणी जुळली आणि दोन्ही पिशव्या वर गेल्या. शस्त्रक्रिया सुरू झाली. मी बाहेर आलो तर दोघी बहिणी अजून बाकावर बसलेल्या.

"तुम्ही गेला नाहीत?"

"जाऊ की," छोटीताई म्हणाल्या. "काय गं बेबे, किती वर्षांनी भेटतोय आपण? बारीक झालीस."

"तू जाड झालीस म्हणून मी बारीक दिसते."

समोरच्या बाकावर शिवानंद बसला होता. रक्त कुणाचं हे आम्ही रुग्णाच्या माणसाला सांगत नाही, आणि कुणाला दिलं हे दात्याला सांगत नाही. तो नियम मी कधी मोडला नव्हता. मी मधे उभा राहून भिंतीवरची सूचना वाचू लागलो. ती मीच लिहिली होती.

थोड्या वेळानं शिवानंदनं त्यांना विचारलं, "अक्का, तुमचं पण कोण आत हाय का?"

बेबीताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या पायात चपला नव्हत्या. सकाळी घाईत तसाच आला असावा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सूचनेवरची नजर हलवली नाही.

"हाय," त्या म्हणाल्या.

"देव बरं करंल," शिवानंद म्हणाला.

सहा वाजता वरून फोन आला, दुसरी पिशवीही लावली. इतकं सांगून त्यांनी फोन ठेवला. दुसरी पिशवी लावणं म्हणजे रक्त फार जातंय. मी हे कुणाला बोललो नाही, पण माझ्या तोंडावरून दोघींना कळलं असावं. छोटीताईंनी बेबीताईंचा हात धरला. तिथून पुढचा पाऊण तास मला नीट आठवत नाही. मी चार वेळा लिफ्टपर्यंत जाऊन आलो.

मग नर्स खाली आली आणि शिवानंदला म्हणाली, "मुलगा झालाय. बायको शुद्धीवर आहे, रक्त थांबलंय. चला वर."

शिवानंद उठला, दोन पावलं गेला आणि मागे फिरला. समोर जी माणसं होती त्यांना त्यानं हात जोडले, आधी मला, मग त्या दोघींना. डोळे पुसत म्हणाला, "आमचं बरं झालं, अक्का. तुमचं माणूस कसं हाय?"

"आमचं पण बरं हाय," बेबीताई म्हणाल्या. "जा तू, ती वाट बघत असंल."